एकामागून एक मुलं का गेली? प्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक आजारांचा इतिहास

आजचा विषय थोडा जड आहे. पण सुरुवात आपल्या ओळखीच्या नावांपासून करू.

दगडू, धोंडू, केरू, भिकू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत या नावाचा एक तरी माणूस प्रत्येक गावात असायचाच. ही नावं का ठेवत, हे जुन्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून पुढच्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, भिकेत मागून आणलेला म्हणायचं. म्हणजे मग त्याला कुणाची नजर लागणार नाही. नाव एकाचंच, पण त्यामागे त्याच्या आधी गेलेल्या भावंडांची आठवण असायची.

ती मुलं बहुतेक देवी, गोवर, पटकी, हगवण, न्यूमोनिया, धनुर्वात अशा आजारांनी गेली. त्या काळी घरोघरी हेच होतं. पण काही घरं वेगळी होती. तिथं मुली वाढायच्या आणि मुलगे मात्र पाच-सहा महिन्यांचे झाले की आजारी पडायचे. एक गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. आणि प्रत्येक वेळी बोट आईकडेच. हिचं दूध बाधतं, हिच्या कुशीत दोष आहे, हिचा पायगुण वाईट. कुणी भगताकडे नेलं, कुणी सटवाईला नवस बोलले, कुणी नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं.

अशा घरांतल्या काही मुलांना काय होत होतं, हे डॉक्टरांना कळायला 1950 साल उजाडावं लागलं. ते कसं कळलं, आणि त्यात आयांनी जपलेल्या आठवणींचा किती उपयोग झाला, ते आज सांगतो.

हा आजार एवढी वर्षं दिसला का नाही?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून जंतू आला की त्याला ओळखायचं आणि संपवायचं हे त्यांचं काम. पूर्वी गावाला जागल्या असायचा, तसंच. काही बाळांच्या शरीरात ही राखण जन्मापासूनच अपुरी असते. हा संसर्ग नव्हे, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. हा एड्सही नव्हे. एड्स विषाणूमुळे होतो. हा दोष मात्र शरीर घडवणाऱ्या जनुकातच असतो. असे आजार एक-दोन नव्हेत, शेकडो प्रकारचे आहेत. काही फार गंभीर, काही सौम्य.

मग पूर्वी ते कुणाला दिसले का नाहीत? कारण तेव्हा धडधाकट मुलंही न्यूमोनियानं दगावत होती. दहा मुलं गेली, तर त्यातल्या एकाची राखणच मुळात कच्ची होती हे ओळखणार कसं? शिवाय अशी मुलं पहिल्या-दुसऱ्या आजारातच जायची. 1940 नंतरच्या काळात पेनिसिलिन आलं आणि चित्र बदललं. आता मूल न्यूमोनियातून वाचायला लागलं. पण काही मुलं वाचूनही पुन्हा आजारी पडत, परत बरी होत, परत पडत. तेव्हा कुठं डॉक्टरांच्या लक्षात आलं की इथं नुसता जंतूचा प्रश्न नाही.

आठ वर्षांचा मुलगा, 1952

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात वॉल्टर रीड नावाचं लष्करी रुग्णालय होतं. तिथं कर्नल ऑग्डेन ब्रुटन हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांत त्याच्या रक्तात जंतू पसरून तो 19 वेळा गंभीर आजारी पडला होता. औषधानं दर वेळी बरा व्हायचा आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

ब्रुटन यांनी त्याला त्याच जंतूंविरुद्ध लस देऊन पाहिली. लस दिल्यावर रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रथिनं तयार व्हायला हवीत. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. या मुलाच्या रक्तात ती तयारच झाली नाहीत. त्या काळात रक्तातली वेगवेगळी प्रथिनं वीजप्रवाहानं वेगळी करून पाहण्याची पद्धत नुकतीच रुग्णालयांत येऊ लागली होती. त्या तपासणीत दिसलं की ज्या भागात प्रतिपिंडं असतात, त्या गॅमा ग्लोब्युलिनची जागा रिकामीच आहे.

मग उपायही तसाच सरळ होता. जे शरीरात नाही, ते बाहेरून द्यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एडविन कोह्न यांनी रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, घेऊन त्यातले घटक वेगळे करण्याची रीत बसवली होती. त्यातून गॅमा ग्लोब्युलिन मिळत होतं. ब्रुटन यांनी ते त्या मुलाला दर महिन्याला कातडीखाली टोचायला सुरुवात केली आणि त्याचे ते जीवघेणे आजार थांबले. 1952 साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. जन्मजात राखणच अपुरी असू शकते, ती तपासून कळते आणि त्यावर इलाजही आहे, या तिन्ही गोष्टी त्या एका मुलाच्या आजारातून पुढे आल्या.

आजही या आजारावर हाच उपचार आहे. आता ते औषध बहुतेक वेळा शिरेतून, तीन-चार आठवड्यांनी एकदा देतात. हे औषध अजूनही माणसांच्या प्लाझ्मापासूनच बनवावं लागतं, आणि त्यासाठी हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करतात. म्हणजे असं एक मूल कितीतरी अनोळखी माणसांच्या दानावर जगत असतं.

आईच्या दुधाचा दोष?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण आपल्याकडच्या जुन्या आरोपाचं उत्तर त्यात आहे.

या आजाराची बाळं जन्मल्यावर पहिले काही महिने चांगली असतात. बाळसं धरतात, हसतात. सहाव्या महिन्याच्या आसपास आजारपणं सुरू होतात. सासवा म्हणायच्या, बघा, पोर चांगलं होतं, हिच्या दुधानं बिघडलं. खरं काय होतं? बाळ पोटात असताना आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. जन्मानंतर तीच त्याची राखण करतात. हळूहळू ती संपत जातात आणि एरवी तोवर बाळाचं शरीर स्वतःची बनवायला लागलेलं असतं. या बाळांना ती बनवता येत नाहीत. म्हणजे ते मूल जितके दिवस चांगलं राहिलं, ते आईनं दिलेल्या शिदोरीवर राहिलं. शिदोरी संपली तेव्हा आजार दिसला. जिच्यामुळे ते तगलं, तिलाच आपण दोष देत आलो.

दुसरा, जास्त गंभीर आजार

ब्रुटन यांच्या दोन वर्षं आधी, 1950 साली, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात ग्लान्झमान आणि रिनिकर या डॉक्टरांनी दोन तान्ह्या बाळांची हकिगत लिहिली. तोंडात पांढरी बुरशी, न थांबणारे जुलाब, वजन वाढत नाही, आणि रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फारच कमी. दोन्ही बाळं गेली. या आजाराला आता 'सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी' किंवा थोडक्यात 'सिड' म्हणतात. यात प्रतिपिंडंही नाहीत आणि जंतूशी झुंजणाऱ्या टी-पेशीही नाहीत. इथं नुसती प्रतिपिंडं टोचून भागत नाही. उपचार न मिळाल्यास बाळ सहसा पहिला-दुसरा वाढदिवस पाहत नाही.

रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये घडतात. तर मग दुसऱ्याचा चांगला मगज दिला तर? अडचण अशी, की तो जुळला नाही तर दिलेल्या पेशीच बाळाच्या शरीरावर उलटतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

1968 साली अमेरिकेत मिनिआपोलिस इथं डॉ. रॉबर्ट गुड यांच्याकडे पाच महिन्यांचा एक मुलगा आणला गेला. त्याच्या आईकडच्या घराण्यात आधी बरेच मुलगे तान्हेपणीच गेले होते. त्याच्या मोठ्या बहिणीचा मगज जुळला. तो दिल्यावर मुलाच्या शरीरात नव्या पेशी घडू लागल्या आणि तो मोठा होऊन प्रौढ झाला. ज्या घराण्यात मुलगे टिकत नव्हते, तिथला मुलगा बहिणीच्या मगजावर जगला. मगज देणाऱ्याचं काय होतं, असं बैठकीत नेहमी विचारलं जातं. तो भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं काढतात. काही दिवस कंबर दुखते, आणि काढलेला मगज शरीर काही आठवड्यांत भरून काढतं.

सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये 1971 साली डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा जन्मला. त्याचा मोठा भाऊ सात महिन्यांचा असताना याच आजारानं गेला होता. म्हणून डेव्हिडला जन्मताच जंतूविरहित प्लास्टिकच्या बंद खोलीवजा पिशवीत ठेवलं. अन्न, पाणी, हवा, कपडे सगळं निर्जंतुक करून आत जायचं. आईवडील त्याला जवळ घ्यायचे तेही भिंतीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून. जुळणारा मगज मिळेल या आशेवर तो बारा वर्षं असा राहिला. 1983 मध्ये पूर्ण न जुळणारा, बहिणीचा मगज द्यायचं ठरलं. त्या मगजात एक विषाणू दडून बसलेला होता. डेव्हिड आजारी पडला आणि त्याला पिशवीबाहेर काढावं लागलं. त्याच्या आईनं तेव्हा त्याला पहिल्यांदा उघड्या हातानं स्पर्श केला. 22 फेब्रुवारी 1984 रोजी तो गेला.

त्याच्या जगण्यातून डॉक्टर बरंच शिकले. त्याच सुमारास अर्धवट जुळणारा आईचा किंवा वडिलांचा मगज निवडून, स्वच्छ करून देण्याची रीत बसत होती. आणखी एक गोष्ट पक्की झाली. बाळाला एकही मोठा आजार होण्याआधी, साडेतीन महिन्यांच्या आत मगज मिळाला, तर शंभरातली नव्वदहून जास्त बाळं वाचतात. उशीर झाला आणि आत जंतू शिरला, की ही संख्या उतरत जाते.

मुलगेच का?

1993 साली शास्त्रज्ञांना दोन्ही आजारांची जनुकं सापडली. ब्रुटन यांच्या मुलाला झालेल्या आजाराचं आणि डेव्हिडच्या आजाराचं. दोन्ही एक्स गुणसूत्रावर आहेत.

हे समजायला घराच्या किल्ल्या आठवा. बाईकडे एक्सच्या दोन किल्ल्या असतात, पुरुषाकडे एकच. बाईची एक किल्ली बिघडलेली असली तरी दुसरीनं कुलूप उघडतं, त्यामुळे तिला स्वतःला काही होत नाही. तिला कळतही नाही. पण मुलाला आईकडून एकच किल्ली मिळते. ती बिघडलेली आली तर मुलगा आजारी. म्हणून अशा आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलीला ती किल्ली पुढे नेण्याची शक्यता निम्मी. म्हणूनच मामा लहानपणी गेला, मावशीचा मुलगा गेला, आता भाचा आजारी, अशी साखळी दिसते. कधी कधी घराण्यात काहीच नसताना हा बदल नव्यानंही होतो.

यात आईचा दोष कुठं आहे? किल्ली तिनं बिघडवली नाही, तीसुद्धा जन्मताच घेऊन आली.

सगळे प्रकार असे नाहीत. काही आजारांत आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. तिथं दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते, मुलगा असो वा मुलगी. एकाच रक्ताच्या दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव जास्त. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. असं लग्न केलं म्हणजे मूल आजारी होणारच, असं मुळीच नाही. बहुतेक घरांत मुलं ठणठणीत असतात. पण जिथं आधी मुलं गेली आहेत, तिथं हे डॉक्टरांना सांगायला हवं आणि पुढच्या सोयरिकीआधी विचारायलाही हवं.

आमच्या एका बैठकीत आम्ही जमिनीवर घराण्याची वेल मांडत होतो. एका बाईनं सासरच्या गेलेल्या मुलांचे दाणे पटापट मांडले. शेवटी एक वयस्कर आजी म्हणाल्या, "आणि पोरी?" सगळ्या गप्प झाल्या. गेलेले मुलगे सगळ्यांना पाठ होते, गेलेल्या मुली कुणी मोजल्याच नव्हत्या. मांडल्या तेव्हा त्या दोन निघाल्या. मुली मोजल्या नाहीत, तर दोन्हीकडून येणारा आजार लक्षातच येत नाही.

टाचेतला एक थेंब

1960 नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर वाळवून एका वेगळ्या जन्मजात आजाराची तपासणी सुरू केली होती. 2005 मध्ये डॉ. जेनिफर पक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तसाच वाळलेला थेंब 'सिड'साठीही चालतो. नव्या टी-पेशी घडताना डीएनएची बारीक कडी उरतात. ती थेंबात मोजायची. कडी नाहीत, म्हणजे पेशी घडत नाहीत. 2008 साली विस्कॉन्सिन राज्यानं प्रत्येक बाळाची ही तपासणी सुरू केली आणि दहा वर्षांत ती सगळ्या अमेरिकेत पोचली. तिथं सुमारे 58,000 बाळांत एक असं प्रमाण दिसलं. आधी कितीतरी बाळं निदानाविनाच जात होती, हेही त्यातून उमगलं.

आपल्या देशात प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही. म्हणून आपल्याकडे घरातल्या बायकांची आठवण अजून फार मोलाची आहे.

आपल्याकडे कुठं जायचं?

मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. 1957 साली ती रक्तगट तपासणीचं केंद्र म्हणून सुरू झाली. आज तिथं प्रतिकारशक्तीच्या आनुवंशिक आजारांचं निदान होतं. जवळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयातही असे रुग्ण पाहतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात 'सिड'सारखे, मगज बदलून बरे होणारे आजार आहेत. नेमलेल्या केंद्रामार्फत 50 लाख रुपयांपर्यंत उपचारासाठी मदत मिळू शकते. के.ई.एम. हे त्यातलं एक केंद्र आहे. मदत आपोआप येत नाही, तिथं नोंद करावी लागते. आणि ज्यांना जन्मभर दर महिन्याला औषध लागतं, त्यांच्या खर्चाचा प्रश्न अजून बिकटच आहे, हेही खरं.

तिथवर जाण्याआधी आपल्या दवाखान्यात संशय तरी यायला हवा. तो कधी घ्यावा?

वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया. कान सारखा फुटणं. दोन-दोन महिने औषध देऊनही गुण नाही. तान्ह्याचं वजन न वाढणं, जुलाब न थांबणं. वर्षाच्या पुढेही तोंडातली पांढरी बुरशी न जाणं. अंगात खोल गळवं पुन्हा पुन्हा होणं. महिना उलटला तरी नाळ न गळणं. आणि घराण्यात आधी तान्ही मुलं जाणं. यातल्या एखाद्या खुणेनं घाबरून जाऊ नका. बहुतेक मुलं या वयात सर्दी-खोकल्यानं आजारी पडतातच. पण खुणा जुळत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "याची प्रतिकारशक्ती तपासायची का?" पहिली पायरी साधी आहे. तालुक्याला होणाऱ्या रक्ताच्या साध्या तपासणीत लिम्फोसाइटचा आकडा येतो. तान्ह्या बाळात तो मोठ्या माणसापेक्षा जास्त असायला हवा. 3000 च्या खाली असेल तर तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. 1950 साली बर्नच्या डॉक्टरांनीही हीच गोष्ट टिपली होती.

एक गोष्ट फार जपून सांगतो. लसी बंद करू नका. लसींमुळेच आज कुणाला धोंडू, दगडू नाव ठेवावं लागत नाही. पण बीसीजीसारखी जिवंत, सौम्य केलेल्या जंतूची लस 'सिड'च्या बाळाला बाधू शकते. बीसीजी आपल्याकडे जन्मताच देतात. म्हणून आधीचं मूल असं गेलं असेल, तर बाळंतपणाच्या आधीच आशाताईंना आणि डॉक्टरांना सांगा. लस कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतील. सांगितलंच नाही, तर त्यांना कळायचा दुसरा मार्ग नाही.

या महिन्याच्या बैठकीसाठी

बैठकीत जमिनीवर खडूनं वेल आखा. बाईसाठी चिंचोका, पुरुषासाठी हरभरा. आजी-आजोबांपासून सुरुवात करा. माहेरची बाजू सोडू नका, कारण मामा आणि मावश्यांची मुलं तिथंच सापडतात. लहानपणी गेलेल्या प्रत्येकाभोवती गोल काढा आणि शेजारी वय व आजार लिहा. मुलीसुद्धा मोजा. जिला सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, तिनं घरी मांडावं. मग ती वेल वहीत उतरवून ठेवा. घरात कुणी गरोदर राहिली, की ती वही तिच्या दवाखान्याच्या कागदांबरोबर द्या.

ब्रुटन यांना त्या मुलाच्या रक्तात काय कमी आहे ते दिसलं, कारण कुणीतरी त्याची एकोणीस आजारपणं लिहून ठेवली होती. डेव्हिडला हा आजार असू शकतो हे जन्माआधीच ओळखता आलं, कारण त्याच्या भावाचं जाणं विसरलं गेलं नव्हतं. आपल्याकडे त्या आठवणी आहेत. आजवर त्यांचा उपयोग बायकांना दोष द्यायला झाला. इथून पुढे पुढच्या बाळासाठी करू या.

पुढच्या वेळी भेटू. तोवर आपली आणि आपल्या गटातल्या सगळ्यांची काळजी घ्या. नमस्कार.